पहिल्या नंबरचा भोंगा

मास्तर, तुम्ही गेलात हे कळल्यावरही मी चौदा पत्रकं चिकटवली.

सौसरच्या मोटार स्टँडवर होतो. हातात खळीचा डबा, काखेत गठ्ठा. पांढुर्ण्याची मोटार आली, कंडक्टर खाली उतरला अन् घाम पुसत म्हणाला, "तुमच्याकडचे भोंगेवाले मास्तर वारले ना आज सकाळी. किसनाच्या सायकल दुकानात. बसल्या बसल्या." मी "बरं" म्हणालो. त्यालाही एक पत्रक दिलं. मग स्टँडच्या भिंतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत उरलेली चौदाच्या चौदा लावली, कोपरे दाबून, सुरकुती पडू न देता. डब्यातली खळी संपली तेव्हा कुठं मी फाटकाशी खाली बसलो. त्या पत्रकात काय छापलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. लिहिलं मीच होतं, तरी.

आज तुमची तेरवी झाली. परवा, एक नोव्हेंबरला, राज्य बदलतं. मला या दोन्हींपैकी एकही गोष्ट खरी वाटून नाही राहिली.

काल संध्याकाळी छापखान्यातून प्रूफ घेऊन निघालो तर सायकल आपोआप तुमच्या गल्लीत वळली. दारात उतरलो, स्टँड लावला, अन् रोजच्यासारखी हाक मारली, "मास्तर, लाल पेन्सिल काढा." आतून काकू आल्या. हात पिठाचे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "पेन्सिल खिडकीत आहे. पण मले नाही येत ते." मी तसाच परतलो.

साधा तापही नव्हता तुम्हाला. दसऱ्याला सोनं वाटत सगळ्या मोहल्ल्यात हिंडलात. अन् चौथ्या दिवशी सकाळी किसनाकडे मागच्या चाकात हवा मारता मारता, "किसना, जरा बसतो" म्हणून लाकडी खोक्यावर बसलात, अन् झालं. असं कुठं असते का. मी पाच वर्षं निषेधाची पत्रकं लिहून राहिलो. तहसीलदाराचा निषेध केला, सीमा आखणाऱ्यांचा केला, गप्प बसणाऱ्यांचा केला. याचा निषेध कोणाच्या नावानं करू? पत्ता काय टाकू?

तुम्हाला तुमचीच गोष्ट काय सांगायची. पण हे छापून बाहेर जाणार, अन् नागपूर-अमरावतीच्या वाचकाला वाटेल, गोठ्यात गाईऐवजी भोंगे बांधणारा हा म्हातारा डोक्यानं गेलेला असावा. तर त्यांच्यासाठी दोन ओळी. लढाईच्या दिवसांत विमानांचा धोका म्हणून गावोगावच्या छपरांवर भोंगे बसले. चढता-उतरता आवाज म्हणजे धोका, खंदकात पळा. एकसारखा सरळ आवाज म्हणजे धोका टळला, घरी जा. लढाई संपली अन् हे भोंगे कामठीला डिस्पोजलच्या मालात, सरकारला नको झालेल्या सामानात, भंगार म्हणून निघाले. शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे मास्तर ते गोळा करत. विकत घेत, मागून आणत, विहिरीवर झाकण म्हणून पडलेला असला तर त्याच्या बदल्यात नवं झाकण करून देत. असे अकरा. प्रत्येक कोणत्या घडणीचा, कुठल्या छपरावरचा, हे ओळखून वहीत लिहायचं, एवढाच नाद.

ओळखायचं कसं हे तुम्ही मला मॅट्रिकच्या वर्षी शिकवलं. मी सरळ भोंग्यावरची कारखान्याची पाटी वाचायला गेलो होतो. तुम्ही माझा हात धरून बाजूला केला.

"पाटीवर भरोसा नाही ठेवायचा. पाटी चार स्क्रूवर असते. कामठीचा दलाल एका भोंग्याची पाटी काढून दुसऱ्याला लावते अन् दुप्पट भाव घेते. आत हात घाल. खिडक्या मोज."

भोंग्याच्या पोटात एक फिरकी असते, तिच्याभोवती पिंजरा, पिंजऱ्याला खिडक्या. फिरकी फिरली की त्या खिडक्यांतून हवा तुटत तुटत बाहेर येते अन् तोच आवाज. जितक्या खिडक्या तितका आवाज बारीक. डोळे मिटून, एक बोट पहिल्या खिडकीत अडकवून, दुसऱ्या हातानं मोजत जायचं. मी पहिल्यांदा अकरा मोजल्या. तुम्ही म्हणालात, "अकरा नसतातच. कुठं तरी एक खाल्ली तू. पुन्हा." बारा निघाल्या. त्या दिवशी मला कळलं की बोट खोटं बोलत नाही, घाई खोटं बोलते. हे वाक्य मी पुढं एका पत्रकात घातलं, तुम्ही काढून टाकलं. "हे तुले पटलं म्हणून लिहिलं का चांगलं दिसते म्हणून?" असं विचारलं होतं.

अन् वहीचा तो एक नियम. चुकलेली नोंद खोडायची नाही. तिच्याखाली नवी लिहायची, तारीख टाकायची, सही करायची. "खोडलं की चूक कोणी केली, कधी केली, काही उरत नाही. मग शिकणार काय, खोडलेल्या रेघेपासून?"

मोहगावचा बाजार आठवते का तुम्हाला? भोंगा गेलेला, छप्पर पडलेलं, पाटीचा पत्ता नाही, अन् तुम्हाला तो कोणत्या घडणीचा होता हे पाहिजे होतं. मग तुम्ही वांगी विकणाऱ्या एका म्हातारीपुढं बसलात. "आजी, लढाईतला भोंगा कसा वाजे, जरा तोंडानं काढून दाखवा." म्हातारीनं आधी लाजून पदर तोंडाला लावला. मग जी सुरू झाली ती थांबेचना. मान वर करून, डोळे मिटून, छाती फुगवून. आख्खा बाजार गोळा झाला. कोणी ओरडलं, "मास्तर, लांडगा आला का गावात?" शेजारचा मिरचीवाला म्हणाला, "तिचं चुकून राहिलं, त्याले खाली एक जाडा आवाज होता," अन् तोही सुरू झाला. दोघं मिळून. मला हसू आवरेना. तुम्ही मात्र मान खाली घालून, बोटांवर काही तरी मोजत ऐकत होतात. मग म्हणालात, "दुतोंडी. एका तोंडाले दहा, दुसऱ्याले बारा. विलायती." तीन महिन्यांनी त्याच गावच्या एका विहिरीवर तो भोंगा सापडला. दहा अन् बारा. मी स्वतः मोजल्या.

त्याच दिवशी परतताना मी हौसेनं म्हणालो, "मास्तर, आपल्या पांढुर्ण्याचा स्वातंत्र्याच्या सकाळचा मी काढून दाखवू का? मले पक्का आठवते."

तुम्ही म्हणालात, "नको. मोटार चुकन."

मोटारीला दीड तास होता, मास्तर. आपण तो दीड तास एका झाडाखाली बसून काढला. मला वाटलं, दमले.

ती सकाळ मी काढून दाखवू शकलो असतो, कारण मी त्यात पळालो होतो. तेरा वर्षांचा होतो. शाळेच्या मैदानात पांढरे सदरे, मधोमध काठी, झेंडा अजून गुंडाळलेला. ठरलं असं होतं की स्टेशनजवळच्या गोदामाच्या छपरावरून हातभोंगा वाजवायचा, एकसारखा, सरळ, एक मिनिट. धोका टळला असा. दीडशे वर्षांचा धोका टळला, म्हणून. फार चांगली कल्पना होती. भोंगा सुरू झाला, सरळ चढला, अन् मग खाली पडला. पुन्हा चढला. पुन्हा पडला. मैदानातल्या प्रत्येकाच्या अंगात लढाईतली कवायत भिनलेली होती. त्यात उत्तरेकडून रोज काय काय बातम्या येत होत्या. कोणी तरी पहिलं पळालं, अन् मग सगळेच. शाळेमागचे जुने खंदक ऑगस्टच्या पाण्यानं भरले होते हे उडी मारल्यावर कळलं. माझ्या आईचा पाय मुरगळला. अर्ध्या तासानं झेंडा वर गेला तेव्हा आख्खं गाव कमरेपर्यंत चिखलात माखून उभं होतं, अन् हेडमास्तर रडत होते का हसत होते ते कळत नव्हतं.

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला आमच्याकडे तोच विनोद. "धोतर वर खोचून या बरं, भोंग्याचा नेम नाही." नऊ वर्षं. तुम्ही त्या गर्दीत दर वर्षी उभे असायचात, कोट घालून. मी तुमच्या शेजारी उभा राहून तो विनोद दोनदा तरी केला असेल.

छपरावर हँडल कोणाच्या हातात होतं हे कोणी कधी विचारलंच नाही. विनोद होता, गुन्हा थोडी होता, चौकशी करायला.

तुमच्या लाल पेन्सिलीनं माझं सगळं लिखाण वाचवलं. मी प्रत्येक ओळीपुढं उद्गारचिन्ह मारायचो. तुम्ही एकेक टिपून काढायचात, तांदळातले खडे काढावे तसे. "वसंता, हे चिन्ह म्हणजे भोंगा आहे. दर ओळीले वाजवशील तर पाचव्या ओळीले लोक कान बंद करतीन. मग खरा धोका आला तर कोणतं चिन्ह आणशील?" या लेखात एकही नाही, मास्तर, पुढं त्या पत्रकातली दोन जशीच्या तशी उतरवली ती सोडून. मोजून पाहा.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मला वाटे, तुमचा नाद अन् माझा लढा एकच आहे. मी एकदा तुमच्या गोठ्यात उभा राहून भाषण ठोकलं होतं. "पाहा ना मास्तर. राज्याची पाटी तीच ठेवून राहिले, मध्य प्रदेश. पण आतलं यंत्र बदललं. राजधानी नागपूरची भोपाळ झाली. आपलं नागपूर काढून मुंबईले जोडलं, अन् सौसर-पांढुर्णा इथंच सोडून दिलं. हे तुमच्या कामठीच्या दलालाचंच काम नाही का? पाटीवर जाऊ नका, आवाज ऐका, असं तुम्हीच शिकवता. आमचा आवाज ऐका ना. मराठी आहे."

तुम्ही खूप हसलात. म्हणालात, चांगलं जमलं. मग फडक्यानं हात पुसत विचारलंत, "अन् सावरगावचा तो जिलेबीवाला? घरात हिंदी बोलते, गिऱ्हाइकाशी मराठी, बायकोशी भांडताना दोन्ही. त्याच्या खिडक्या किती?"

"तो अपवाद आहे."

"मग माणसाले भोंग्याचा दाखला देऊ नको. भोंग्यात अपवाद नसते. तुझं म्हणणं बरोबर असन वसंता, पण ते माणसाच्या भाषेत सिद्ध कर."

मला तेव्हा राग आला होता. अजून आहे. मला तुमचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही, अन् आता उत्तर तयार झालं तर ऐकवायला तुम्ही नाही. हे कोणत्या न्यायात बसते?

आता ते पत्रक. सौसर-पांढुर्णा नागपूरसोबतच राहावं म्हणून लढणाऱ्या आमच्या समितीनं ठरवलं, पहिल्या तारखेला सकाळी पांढुर्ण्यात धोक्याचा भोंगा वाजवायचा. चढता-उतरता. लोकांनी ऐकावं की त्यांच्यावर काय येऊन पडून राहिलं. भोंगा तुमच्याकडूनच मिळणार होता. तुम्हाला विचारायच्या आधी मी छापायला टाकलं, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. आम्ही असंच करतो. पत्रकाचं हे तंत्रच आहे, आधी छापायचं, मग घडवायचं. प्रूफ घेऊन तुमच्याकडे आलो. दसऱ्याचा दुसरा दिवस. त्यात मधोमध हे होतं:

"स्वातंत्र्याच्या सकाळी कुण्या भित्र्याच्या हातात भोंगा दिला, अन् तो हात कापला, अन् झेंड्याखालचे लोक चिखलात पळाले! या वेळी भोंगा मर्दाच्या हातात असेल!"

तुम्ही उभ्यानंच वाचलं. खिडकीतून पेन्सिल घेतली. दोन्ही वाक्यांपुढची चिन्हं काढली. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. प्रूफ परत देत म्हणालात, "छाप. पण भोंगा नाही मिळणार."

"काहून?"

"धोका असला तरच भोंगा."

"हा धोका नाही तर काय आहे मास्तर?"

"हा अन्याय आहे. धोका निराळा, अन्याय निराळा. धोक्यात माणूस पळते. तुले लोक पळालेले पाहिजे का उभे पाहिजे? अन्यायासाठी पत्रक आहे. तू आहेस. भोंग्याचं काम एकच, अन् तो एकदा खोटा वाजला की लोक नऊ वर्षं हसतात."

नऊ वर्षं म्हणालात. मी ऐकलं अन् तरी ऐकलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही घाबरले."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. म्हणालात, "हो."

बस, एवढंच. आपलं शेवटचं बोलणं. मी सायकल काढली अन् सरळ छापखान्यात गेलो.

आज तेरवीची पंगत उठल्यावर मी पत्रावळी गोळा करत होतो. काकू ओट्यावर बसल्या होत्या. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकू, मास्तर माझ्यावर रागावून गेले."

"नाही बाप्पा. ते कशाले रागावतीन? तू आणलं ते पत्रक त्यांनी मले वाचून दाखवलं त्या दिवशी. सगळं. म्हणे, पोरगं आता चांगलं लिहून राहिलं, फक्त ओरडते जास्त."

"सगळं वाचून दाखवलं?"

"सगळं. तो भित्रा हातही. तो त्यांचाच होता ना रे. तुले नव्हतं माहीत?"

माझ्या हातातल्या पत्रावळी तशाच राहिल्या. त्या सांगत गेल्या अन् मी ऐकत गेलो. लढाईत शाळेचे विज्ञान मास्तर म्हणून भोंग्याचं काम तुमच्याकडे होतं. त्या सकाळी तुम्हीच छपरावर चढलात. उपाशी. पहाटेपासून कापत होतात, आनंदानं. "घरी आले ते मोरीत हात धुवतच राहिले," काकू म्हणाल्या. "म्हणे, हात सुटला माझा. देशानं एक मिनिट मागितलं अन् माझा हात सुटला. दोन माणसांले माहीत होतं, ते दोघंही पुढं नागपूरले गेले. कोणाजवळ बोलले नाही. मीही नाही बोलली."

"काकू, मले खरंच माहीत नव्हतं."

"त्यांले ठाऊक होतं, तुले माहीत नाही म्हणून."

मास्तर, तुम्ही माझ्या अंगावर ओरडायला पाहिजे होतं. प्रूफ फाडून तोंडावर फेकायला पाहिजे होतं. तुम्ही चिन्हं काढलीत. मला शिव्या खायची सवय आहे, पोलीस ठाण्यातही खाल्ल्या. हे मला कसं सोसायचं ते कोणी शिकवलं नाही.

मग काकूंनी वही आणली. "तुले द्यायची असं काही ते म्हणाले नाही. पण मी अजून कोणाले देऊ?"

अकरा पानं. प्रत्येक पानावर तेच खाने: कुठून आला, तोंडं, खिडक्या, आवाज, पाटी खरी की खोटी, दोष. दहा पानं गच्च भरलेली. पहिलं पान कोरं. मला आठवलं, गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली एक भोंगा होता, त्याला तुम्ही कधी हात लावू दिला नाही. मी एकदा पोतं उचलायला गेलो तर म्हणालात, "तो पहिला आहे. त्याचं नंतर पाहू." मला वाटायचं, मोडका असेल. काकू म्हणाल्या, तो गोदामाच्या छपरावरचाच. त्याच्यापासून तुम्ही सुरू झालात अन् त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नाहीत.

पहिल्या पानावर एकच खाना भरलेला होता, शेवटचा. शाई उडून तपकिरी झालेली. दोष: वाजवणाऱ्याचा हात.

मी किसनाला बोलावून आणलं. कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पान कोरं होतं अन् मला ते पाहवत नव्हतं. किसना आधीच चिडलेला. "मास्तर माझ्या दुकानात गेले, तेव्हापासून लोक मलेच पाहून राहिले, जसा मीच त्यांच्यात हवा जास्त भरली." पण वाटेत मी सांगितलेलं सगळं ऐकून आला. पाना अन् मातीचं तेल, घासलेट, घेऊन.

आम्ही पोतं काढलं. मी डोळे मिटून खिडक्या मोजल्या. घाई केली नाही. दोनदा मोजल्या. आठ. तोंड एक. पाटी नाही, नुसती चार भोकं. किसनानं हँडल फिरवून पाहिलं, कान लावला, अन् म्हणाला, "याच्यात फ्रीव्हील आहे का बे, सायकलसारखं?" आहे. हँडल थांबलं तरी फिरकी फिरत राहावी म्हणून असते. त्यानं बाजूचं झाकण उघडलं. आत काळं, दगडासारखं झालेलं ग्रीस. तेलात धुतलं, अन् पेचकसाच्या टोकानं दाखवलं.

"हे पाहा. फ्रीव्हीलमध्ये दोन जिभा असतात, दात पकडायले. आम्ही कुत्रे म्हणतो. हा एक कुत्रा, नाक झिजून गोल झाला. अन् दुसरा तर मोडूनच गेला. असं फ्रीव्हील सायकलले असलं तर पायडल मधीच खाली जाते. चालवणारा तोंडावर पडते."

"नंतर मोडला असन."

"कधी नंतर? मोडल्या जागेवर गंज आहे, अन् गंजावर हे जुनं ग्रीस. त्या दिवसानंतर याले कोणी फिरवलं का?"

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कोणी नाही. ते पोतंही उचलू देत नव्हते."

चाचणीआधी तुम्ही करायचात तसंच सगळं केलं. शेजारच्या घरांत सांगून आलो, घाबरू नका. भोंग्याच्या तोंडात ओलं पोतं कोंबलं. किसनानं सदरा काढला. त्याचे दंड तुम्ही पाहिले आहेत, आखाड्यातला माणूस. मी म्हणालो, सरळ ठेव, एकसारखा, एक मिनिट. त्यानं हँडल फिरवलं. पोत्यातून आवाज चढला, दबका, सरळ. अन् मग हँडल खट्कन रिकामं गेलं. आवाज खाली पडला. पुन्हा पकडलं, चढला. पुन्हा रिकामं.

"हात सुटला का रे?" मी विचारलं.

"माझा?" किसना भडकला. "हात सुटाले मी काय मास्तर आहो?" अन् लगेच जीभ चावली.

मग मी फिरवलं. दोन्ही हातांनी, पाय रोवून, दात ओठ खाऊन. तेच. चढला, पडला, चढला, पडला. नऊ वर्षांपूर्वीचा तोच, जसाच्या तसा, मी तोंडानं काढून दाखवला असता तो.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. "हाच," म्हणाल्या. "मीही पळाली होती रे त्या दिवशी. परातीत पीठ तसंच टाकून. त्यांले मी सांगितलं का मी घरीच होती. वाईट वाटन म्हणून." मग म्हणाल्या, "म्हणजे हात नव्हता त्यांचा."

नव्हता, काकू.

अन् हे मी आता कोणाला सांगू, मास्तर? तेरा दिवसांचा उशीर झाला. आठ खिडक्या मोजायला मला पाच मिनिटं लागली, झाकण उघडायला किसनाला दहा. तुम्ही दुसऱ्यांच्या दहा भोंग्यांचे दोष सुईच्या टोकानं शोधलेत. दलालांच्या खोट्या पाट्या उतरवल्यात. अन् एका पाटीवर न उघडता, न मोजता, नऊ वर्षं भरोसा ठेवलात, कारण ती तुमच्या स्वतःच्या हातावर लावलेली होती. त्याच पाटीवर मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक स्क्रू पिळला.

समितीत मी सांगून आलो, परवा भोंगा वाजणार नाही. एक जण म्हणाला, "आता तर मास्तरही नाही. अडवते कोण?" मी म्हणालो, मी अडवतो. परवा आम्ही मैदानात उभे राहू, तोंडानं बोलू, अर्ज देऊ, तो मराठीत असेल, अन् परत आला तर पुन्हा देऊ. अन्याय अन्यायच आहे, त्यात माझा एक शब्द कमी होणार नाही. पण कोणाला पळवणार नाही.

उद्या सौसरला जातो. ती चौदा पत्रकं ओली करून खरवडणार होतो. मग वहीचा नियम आठवला. खरवडणार नाही. प्रत्येकाच्या खाली दुसरं लावीन, त्यात तुमचं नाव असेल, भोंग्यात काय मोडलं होतं ते असेल, अन् भित्रा हा शब्द कोणी लिहिला होता तेही. तारीख टाकून, सही करून.

पहिलं पान आता भरलं. कुठून आला: पांढुर्णा, गोदामाचं छप्पर. तोंड एक. खिडक्या आठ. पाटी नाही. दोषाच्या खान्यातलं तुमचं अक्षर मी खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं:

फ्रीव्हीलचा एक कुत्रा मोडलेला, एक झिजलेला. हात चांगला होता.